तालमीच्या भिंतीवरची तुमची रेघ

प्रिय मामा,

उद्या सकाळी फरशीवाला येणार आहे. त्याच्या हातात मजकूर मी द्यायचा आहे, कारण गल्लीत शुद्ध लिहिणारा मीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. नववी नापास माणसाला हा मान! तुम्ही असता तर मला ठेवलेल्या नावाने म्हणाला असता, "घे की मग, फूटपट्टी, मिरवून घे."

मजकूर लहान आहे. 'पुराचे पाणी आजवर सर्वांत उंच येथपर्यंत आले होते. कै. पेंटरमामा यांच्या स्मरणार्थ.' खाली तालीम मंडळाचं नाव. पांढऱ्या फरशीवर काळी अक्षरं कोरायची आणि ती फरशी तालमीच्या भिंतीवर, तुम्ही काढलेल्या तांबड्या रेघेला लागून बसवायची. छापखान्यात लग्नपत्रिका तपासतो तशी ती ओळ मी चार वेळा तपासली. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे, अनुस्वार जागेवर आहेत.

पण मामा, ओळ खरी नाही. हे मला माहीत आहे आणि मला वाटतं तुम्हालाही थोडंफार माहीत होतं. रंगाने काढलेली रेघ पुसता येते, फरशी बसली की बसली. म्हणून आज रविवारी सकाळी हे लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत एकदाही मनातल्या मनात तुमच्याशी भांडलो नाही. आज भांडणार आहे, थोडंसं.

पहिल्या पुरापासून सुरुवात करतो. मी तिसरीत होतो. शाळा बंद म्हणून आम्ही खूश होतो. पाणी उताराने गल्लीत चढत आलं आणि आई मला पाठीवर घेऊन तालमीच्या माडीवर गेली. तिथल्या खिडकीतून मी तुम्हाला पाहिलं. तालमीच्या दारातल्या दगडी पायरीवर तुम्ही उभे होता. रस्त्यावर माणसाच्या कमरेवर पाणी होतं आणि पायरीवर तुमच्या गुडघ्याच्या वाटीला लागत होतं. कमरेला दोर बांधून तुम्ही खालच्या घरांतली माणसं एकेक करून आत घेत होता. हौसाआजी येताना तिची कोंबडी सोडायला तयार नव्हती. तुम्ही ओरडला होता, "आजी, कोंबडीला पवता येतंय, तुला येत न्हाय!" सगळी माडी हसली होती. भीती वाटायच्या जागी आम्ही हसत होतो, हे तुमचंच काम.

पाणी चढायचं थांबलं त्या वेळी तुम्ही दोन खुणा केल्या. एक तालमीच्या भिंतीवर, खिशातल्या खडूने. दुसरी समोर आमच्या घराच्या चौकटीवर, पटाशीने खाच पाडून. आई माडीवरून म्हणाली, "अरं, चौकट कशाला खराब करतोस?" तुम्ही म्हणाला, "ऱ्हाऊ दे आक्का, पोरगं मोठं झाल्यावर बघंल." पाणी उतरल्यावर भिंतीवरच्या खडूच्या खुणेवर तुम्ही तांबड्या रंगाने रेघ ओढली.

तेव्हापासून ती रेघ म्हणजे गल्लीचा कायदा झाली. पाणी रेघेच्या खाली चार बोटं राहिलं की तालमीच्या दारात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडीने टोल द्यायचे आणि सगळ्यांनी गल्ली सोडून वरच्या शाळेत जायचं. टोल द्यायचा मान तुमचा. त्याच्या आधी कुणी सामान उचललं तर तालमीच्या कट्ट्यावरचे त्याला भित्रा म्हणायचे.

तो कट्टा मला अजून ऐकू येतो, मामा. मी छापखान्यात लागलो होतो आणि येताना वर्तमानपत्र घेऊन यायचो. त्यात ओझोनच्या थराला छिद्र पडल्याचं आलं होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. शिवा रिक्षावाला लगेच म्हणाला, "तरीच! त्या भोकातनंच गळतंय. म्हणून तर गटारी तुंबत्यात." तुम्ही ब्रश पुसत म्हणाला, "मग चढ की शिडी लावून. डांबराचा डबा मी देतो." तालमीचे वस्ताद हसले नाहीत. ते म्हणाले, "भोकबिक काय न्हाय. झाडं तोडली, डोंगर बोडकं केलं, म्हणून पाऊस बिथरलाय." मग कुणी गाड्यांच्या धुरावर घसरलं, कुणी धरणाच्या दरवाजांवर, कुणी माणसांच्या पापावर. शिवाच्या मते सगळा दोष उपग्रहांचा. ते सारखे आभाळात घुसतात, म्हणून आभाळ फाटतं.

मी मात्र घरी येऊन त्या बातम्या कापून वहीत चिकटवायचो. पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळतो आहे, समुद्र चढतो आहे. मला भीती वाटायची. आपल्या गल्लीचा आणि त्या बर्फाचा काय संबंध, हे मला नीट कळत नव्हतं. अजूनही पुरतं कळलेलं नाही. तुम्ही ती वही चाळून म्हणाला होता, "अरं, लग्नाच्या वयात हे असलं कुणी चिकटवतंय व्हय?"

पण गंमत बघा. कट्ट्यावर थट्टा करणारे तुम्ही कामावर गेल्यावर वेगळंच बोलायचा. गगनबावड्याच्या रस्त्याला एका दूध संस्थेचा बोर्ड रंगवायला मला सुट्टीच्या दिवशी शिडी धरायला नेलं होतं, आठवतंय? दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. तुम्ही शेवटचं अक्षर पुरं केलं आणि आभाळ भरून आलं. ओल्या रंगावर टपोरे थेंब पडले. बोर्डाला देवी आल्यासारखे डाग उठले. तुम्ही शिडीवर तसेच बसून राहिला. शिवी घातली नाही, हेच मला जास्त लागलं. मग म्हणाला, "माझ्या बाच्या टायमाला दसरा झाला की बाहेरचं बोर्ड बिनघोर घ्यायचं. आता पावसाला म्हैना कळंना झालाय."

त्यानंतर तुम्ही बाहेरच्या कामाची तारीख देणं बंद केलं. गिऱ्हाइकाला सांगायचा, "आभाळाला इचारून सांगतो." एप्रिलमध्येही शिडीला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून न्यायला लागला. म्हणजे हवामान बदललं आहे हे तुम्हाला तुमच्या ब्रशाने सांगितलं होतं. त्याला वर्तमानपत्र लागलं नव्हतं. मग तालमीपाशी आल्यावर तेच का विसरायचा? रेघेकडे बोट करून म्हणायचा, "त्या पाण्याम्होरं हे काय पाणी! पूर तसला एकदाच."

आता माझ्या भांडणाकडे येतो.

तालमीची दुरुस्ती काढली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. भिंतीचा जुना गिलावा फुगला होता, तो खरवडून काढला. त्याबरोबर तुमची रेघ गेली. पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून आतली जमीन भर घालून वर घेतली आणि तिच्या मेळाला दारातली पायरीही वर आली. जुन्या दगडावर सिमेंट, त्यावर शहाबादी फरशी. सगळं पुरं झाल्यावर तुम्ही नव्या भिंतीवर पुन्हा रेघ ओढली. मी छापखान्यातून आलो तेव्हा रंग अजून ओला होता. तुम्ही पायरीवर उभे राहून, चड्डी वर खोचून, गुडघ्याची वाटी भिंतीला लावून ती ओढली होती. कट्ट्यावर सगळे वाहवा करत होते.

मी हळूच म्हणालो, "मामा, पायरी वर घेतलीय न्हवं? मग रेघ पण वर गेली."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणाला, "त्या पाण्यात मी हुबा हुतो का तू?"

सगळे हसले. शिवा म्हणाला, "ह्यानं तवा वहीत फोटो चिकटवला असंल!" मीही हसलो. विषय संपला. पण घरी जाऊन मी चौकटीवरची खाच बघितली आणि दारात उभा राहून समोरच्या रेघेकडे बघितलं. नुसत्या डोळ्यांनीसुद्धा दोन्ही एका पातळीत नव्हत्या. तुम्ही जेवायला आलात तेव्हा पुन्हा काढायचा होता विषय. तुम्ही आईला म्हणाला, "आक्का, आज गुडघा टेकवला आणि ते पाणी पुन्हा गार लागलं बघ." मग माझ्याने बोलवेना. मामा, त्या जेवणाचा मला आजपर्यंत राग येतो. तुमचा नव्हे, माझा.

गेल्या जुलैत पाऊस लागला तो थांबायचं नाव घेईना. राधानगरीकडून येणारा दूधवाला सांगत होता, तिकडे दिवस की सांज ते कळत नाही. आपल्या गावाची रीत, पाणी पात्राबाहेर पडलं की अर्धं गाव पूर बघायला येतं. छत्र्या, लेकरं, भाजलेली कणसं. शिवाने दोन दिवस पूर बघणाऱ्यांच्या फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी पूरच त्याची रिक्षा बघायला गल्लीत आला, हे तुमचंच वाक्य.

आईने नदीची ओटी भरली आणि घरी येऊन गुपचूप शिलाई मशीन पलंगावर चढवलं. तुम्ही दारातून म्हणाला, "आक्का, एवढ्यात भ्यालीस?"

दुपारी पाणी तालमीच्या पायरीवर आलं. तुम्ही पायरीवर उभे, मी आत रुळाशेजारी, हातात हातोडी. पाणी आमच्या चौकटीतल्या खाचेला टेकलं, हे मला समोरून दिसत होतं. मी म्हणालो, "मामा, खाचेला लागलं. टोल देऊ?" तुम्ही भिंतीकडे बघून म्हणाला, "खाचंचं काय घिऊन बसलास? रेघ बघ. अजून दोन वीत हाय. उगं लोकास्नी भ्या घालू नकोस."

मी हातोडी खाली ठेवली.

मामा, मला मापं कळत होती. सतत भिणारा, सतत मोजणारा म्हणून गल्ली मला हसायची आणि ज्या एका दिवशी त्या भिण्याचा उपयोग होता, त्याच दिवशी मी तुमचं ऐकलं. भाच्याने मामाचं ऐकायचं नाही तर कुणाचं? पण ऐकायला नको होतं.

पाणी आणखी वीतभर चढून थांबलं. रेघेच्या खाली वीतभर. म्हणजे टोल कधी झालेच नाहीत. लोक आपापल्या घरांत पलंगावर, टेबलावर बसून रेघेची वाट बघत राहिले. लाइट गेली, हाका सुरू झाल्या आणि मग तुम्हीच दोर बांधून पाण्यात उतरला. साठी ओलांडलेले तुम्ही, दम्याचे पेशंट. हौसाआजीला पाठीवर घेऊन आलात, तेव्हा बायकांच्या छातीला पाणी होतं. ह्या वेळी कोंबडी नव्हती आणि कुणी हसलं नाही. दोन-अडीच तास तुम्ही त्या पाण्यात होता. माणूस कुणी गेलं नाही, ही तुमची पुण्याई. आईचं मशीन पलंगासकट बुडालं. तुमचे रंगाचे डबे तरंगत गेले. उतारावरच्या भिंतींवर पुढे महिनाभर हिरवा ऑइलपेंट दिसत होता.

पाणी उतरल्यावर कॉलेजच्या दोन मुली फॉर्म घेऊन आल्या होत्या. त्यांना माणसांची मतं गोळा करायची होती. 'आपल्या मते हवामान बदलले आहे काय?' पुढे तीन चौकोन. हो, नाही, सांगता येत नाही. तुम्ही खोकत खोकत त्यांना भिंतीपाशी नेलं. "हे बघा बाई, ही जुन्या पाण्याची रेघ. यंदाचं पाणी वीतभर खालीच ऱ्हायलंय. मग बदललं काय? लिवा, न्हाय." तुमच्यामागे वस्तादांनी 'नाही' लिहायला सांगितलं, शिवाने सांगितलं, सगळ्या कट्ट्याने सांगितलं. शिवा वर म्हणाला, "फॉर्ममधी उपग्रहाचा चौकोन का न्हाय?" मुली हसल्या.

आईने मात्र आमच्या दारात उभं राहून 'हो' सांगितलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पापड वाळत घालताना वर बघायला लागतंय आता. आधी खाली कावळ्याकडं बघावं लागायचं." आणि चौकटीकडे बोट करून म्हणाली, "आणि हे. खाचंच्या वर वीतभर आलतं." मुलीने तिच्याकडे पाहिलं, मग तालमीकडे पाहिलं. एकाच पाण्याचं एक माप खाली वीतभर, एक वर वीतभर! तिने मला विचारलं, "तुमचं काय मत?"

मी तिसऱ्या चौकोनात खूण केली. सांगता येत नाही.

येत होतं, मामा. सगळं सांगता येत होतं. तुम्ही समोर बसला होता, म्हणून सांगितलं नाही.

दिवाळीनंतर तुमचा दमा वाढला. डॉक्टर म्हणाले दमा जुना आहे, थंडीने उसळला, पुराशी संबंध लावता येणार नाही. आई म्हणते, पाण्यात गारठला नसता तर अजून दहा वर्षं शिडी चढला असता. कोण खरं? मी दोघांचंही ऐकून घेतो. एका माणसाच्या एका दुखण्याचं कारण दाखवता येत नाही. तसंच एका पुराचंही असावं. खालच्या बाजूला भर घालून घरं झाली, ओढा बुजला, पाऊसही तसा पडला. एकावर बोट ठेवलं की दुसरं निसटतं. पण डॉक्टरसुद्धा दम्याच्या माणसाला गार पाण्यात उतरा असं म्हणणार नाहीत. मला एवढंच कळतं.

आता ही फरशी बसली की पुढच्या प्रत्येक पुरात लोक तिच्याकडे बोट करणार. 'आजवर सर्वांत उंच येथपर्यंत.' म्हणजे त्याच्या खालचं पाणी नेहमीचं. पोरं मोठी होतील ती हेच शिकून. आणि टोल देणारा फरशी बघून हातोडी खाली ठेवील. ते मला होऊ द्यायचं नाही. पण ते थांबवायचं म्हणजे सगळ्या तालमीसमोर उभं राहून म्हणायचं, मामांची रेघ चुकीची आहे. तुमच्या माघारी. तुमच्या तोंडावर म्हणालो नाही ते तुमच्या माघारी! ह्यापेक्षा मोठा भित्रेपणा कुठला?

तरीही जातो. पत्र इथे ठेवतो. आल्यावर पुरं करीन.

*

मामा, दिवेलागण झाली आहे. सांगून आलो. जसं झालं तसं लिहितो.

आधी गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. नळीत पाणी भरून दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं, मोठ्या बोर्डाच्या ओळी सरळ याव्यात म्हणून. तिचं एक टोक आईने आमच्या चौकटीतल्या खाचेला धरलं. दुसरं टोक घेऊन मी रस्ता ओलांडला आणि तालमीच्या भिंतीला लावलं. कट्टा भरलेला होता. पाऊस थोडा उघडला होता.

शिवा म्हणाला, "काय रं, तालमीला सलाईन लावतोस व्हय?"

मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर हात हलला असता. पाणी स्थिर झालं. मी पेन्सिलीने खूण केली. तुमच्या रेघेच्या खाली दोन वीत. मग शिवालाच म्हणालो, "तू मोज." त्याने आपल्या वितीने मोजलं. एक, दोन. त्याचा चेहरा बदलला, पण बोलणं बदललं नाही. "म्हंजे काय? पेंटर खोटं बोलत हुता?"

हेच होणार होतं. मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "न्हाय."

"मग?"

मला पुढचं नीट सांगता येईना. रात्री पाठ केलेलं सगळं गेलं. समोर आई नळी धरून तशीच उभी. शिवा आवाज चढवून म्हणाला, "त्या माणसानं तुला खांद्यावर खेळवलं. आणि तू त्येची रेघ खाली वढतोस? जित्या माणसाला इचारायचं हुतंस की!"

"इचारलं हुतं," मी म्हणालो. "तुम्ही सगळी हसला."

तेवढ्यात वस्ताद उठले. पंच्याहत्तरीचे, सावकाश चालतात. ते येऊन तालमीच्या पायरीवर बसले. मला वाटलं, रागावले. मग ते आपल्या पायांकडे बघून म्हणाले, "शिवा, हिकडं बघ. पयलं ह्या पायरीवर बसलो की माझं तळवं रस्त्याला टेकायचं. आता लोंबत्यात. मी काय बुटका झालो व्हय?"

शिवाने वाकून त्यांच्या तळव्यांखाली हात घालून बघितला.

"पेंटर खरंच बोलला," वस्ताद म्हणाले. "पाणी त्येच्या गुडघ्याला हुतं, मी डोळ्यानं बघितलंय. पर तो हुबा हुता ती पायरी ह्येच्या बुडाला हाय." त्यांनी फरशीवर हात आपटला. "रेघ चुकली न्हाय त्येची. पायरी आपण उचलली. सगळ्यांनी. मीबी घमेली दिल्यात."

मामा, ते ऐकलं आणि मला उलगडा झाला. मी तुम्हाला चूक म्हणत होतो आणि तुम्ही मला अडाणी समजत होता. पुढे आपण दोघंही रेघेवरच अडलो, पायरी विसरलो. तुमचा गुडघा खरा होता. पाणी खरं होतं. खालची जमीन वर आली होती, हे तेवढं कुणी बोललं नव्हतं. मी बोललो होतो, पण एकदाच, आणि हळू.

शिवाला गणित जमायला वेळ लागला. तो पेन्सिलीच्या खुणेकडे बोट करून म्हणाला, "म्हंजे जुनं पाणी हितं. आणि गेल्या साली वीतभर वर. म्हंजे गेल्या सालचंच जास्त?"

"व्हय."

"आयला." तो खाली बसला. "आणि आम्ही त्या पोरींस्नी न्हाय म्हणून लिवायला लावलं."

रस्त्यापलीकडून आई ओरडली, "मी व्हय म्हणून लिवलंय! आता सोडू का नळी?"

सगळे हसले, मामा. तुम्ही गेल्यापासून कट्टा पहिल्यांदा असा हसला.

मग चर्चा झाली. झाडं, धूर, भराव, धरण, उपग्रह, सगळं पुन्हा निघालं. एकमत काही झालं नाही. शिवाने उपग्रह सोडले नाहीत. पण एक गोष्ट ठरली. फरशीचा मजकूर बदलायचा. 'सर्वांत उंच' हे शब्द काढायचे. पेन्सिलीच्या खुणेपाशी फरशी लागेल आणि तिच्यावर लिहिलेलं असेल, 'येथे पाणी जुन्या पायरीवरील पेंटरमामांच्या गुडघ्याला लागले होते. येथून चार बोटे खाली पाणी आले की टोल.' तिच्यावर वीतभर अंतराने गेल्या वर्षीची रेघ, ती मी ओढायची आहे. तुमच्या ब्रशाने. एक वाचला आहे, आईने दळणाच्या डब्यात ठेवला होता.

तुमच्या रेघेचं काय, असा प्रश्न आला. एकजण म्हणाला पुसू या, घोटाळा नको. दुसरा म्हणाला, तिथे पैलवानाचं चित्र काढू, जागा रिकामी वाईट दिसते. शिवा उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "हात लावायचा न्हाय कुणी. ही रेघ कशाची ते कळत नसंल तर ऱ्हाऊ दे तशीच."

"पाणी कधी आलंच न्हाय तिथवर," कुणीतरी म्हणालं.

वस्ताद पायरीवरून म्हणाले, "अजून तरी."

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. लोक उठून घरी गेले.

नवा मजकूर मी तीन वेळा तपासला आहे. चौथ्यांदा तपासणार नाही. झोपणार आहे.

जाता जाता एक सांगतो. आज नदी पात्रातच आहे, पण राधानगरीकडे पावसाचा जोर आहे, असं दूधवाला म्हणाला. टोल द्यायचा मान आता माझ्याकडे आला आहे. मी मागितला नव्हता. वस्तादांनी हातोडी हातात दिली आणि म्हणाले, "भित्र्या माणसाचंच काम हाय हे. धीट माणूस उशीर करतोय."

मामा, मी वचन देतो. पाणी फरशीच्या खाली चार बोटं आलं की मी टोल देईन. लोक हसले तरी देईन, पाणी तिथूनच परत फिरलं आणि वर्षभर माझी टिंगल झाली तरी देईन. तुमच्या रेघेवर दर दोन वर्षांनी तांबडा हात फिरवीन आणि तिच्या वरची भिंत मोकळी ठेवीन. आणि कुणी पुन्हा फॉर्म घेऊन आलं तर तिसऱ्या चौकोनात खूण करणार नाही.

तुम्ही पायरीवर उभे होता म्हणून आम्ही माडीवर हसत होतो. हे विसरलेलो नाही.

तुमचा भाचा,
फूटपट्टी